रात्री दोन वाजता फोन कोण उचलणार?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. त्यांच्या फुफ्फुसाचा कर्करोग आता कण्यात आणि कमरेच्या हाडांत पसरला आहे. किमोथेरपीचा यापुढे उपयोग नाही, असे सांगून डॉक्टरांनी आमच्या हाती हॉस्पिस सेवा, म्हणजे बरा न होणाऱ्या आजारात अखेरच्या काळात त्रास कमी करणारी सेवा, देणाऱ्या सात संस्थांची यादी दिली. शहर मोठे आहे, मी नोकरी करते आणि आई थकली आहे. दादा म्हणतो की हॉस्पिस म्हणजे बाबांना मरायला सोडून देणे. बाबांना आम्ही अजून काहीच स्पष्ट सांगितलेले नाही. ते दिवसभर खिडकीपाशी बसून रस्ता पाहत असतात. या सातांतून निवड कशी करावी? आणि मी करते आहे ते बरोबर आहे का?

प्रिय भगिनी,

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण मनात ती टोचणी असताना सात संस्थांना शांतपणे फोन करणे तुम्हाला जमणार नाही. तुम्ही बाबांना सोडून देत नाही. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले, ते मुळात 'आता करण्यासारखे काही उरले नाही' या वाक्याला उत्तर म्हणून. त्या आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयातील समाजसेविका झाल्या आणि वेदनेवर नीट काम करता यावे म्हणून पुढे डॉक्टर झाल्या. रोग हटत नसला तरी दुखणे, धाप, मळमळ, भीती आणि घरच्यांची दमछाक यांवर करण्यासारखे पुष्कळ असते, हे त्यांनी प्रत्यक्ष करून दाखवले. वेदनाशामक औषध दुखणे असह्य होण्याची वाट न पाहता घड्याळ लावून द्यावे, हा आज साधा वाटणारा नियमही त्यांनीच आग्रहाने रुजवला.

दादांशी वाद घालू नका. ते बाबांसाठीच भांडत आहेत. डॉक्टरांची वेळ घेऊन दोघे मिळून जा आणि प्रश्न दादांनाच विचारू द्या: आणखी उपचार केले तर बाबांचे किती दिवस वाढतील, आणि ते दिवस कसे जातील? त्यांना एक गोष्ट जरूर सांगा. २०१० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, फुफ्फुसाचा कर्करोग पसरलेल्या १५१ रुग्णांपैकी ज्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासून उपशामक, म्हणजे त्रास कमी करणारे, उपचार मिळाले, त्यांच्यातले निम्मे ११.६ महिन्यांहून अधिक जगले, तर इतर रुग्णांमध्ये हाच आकडा ८.९ महिन्यांचा होता. तो अभ्यास निदानानंतर लगेच सुरू झालेल्या उपशामक उपचारांचा होता, त्यामुळे बाबांचे आयुष्य वाढेल असे त्यावरून मी म्हणणार नाही. मात्र दुखणे कमी करण्याकडे वळले की आयुष्य आखडते, ही दादांची भीती त्याने नक्कीच सैल होईल.

आता यादीकडे वळू. मोठ्या शहरात नावांची टंचाई नसते, अडचण असते ती अंतराची आणि रात्रीची. घरी येऊन सेवा देणारी बहुतेक पथके ठरावीक भागातच जातात, म्हणून पहिल्या फोनवर पत्ता सांगून 'आमच्या भागात तुम्ही येता का' एवढेच विचारा. यादी तिथेच निम्म्यावर येण्याची शक्यता आहे. उरलेल्यांचे अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, गर्दीच्या वेळी लागणाऱ्या मिनिटांमध्ये मोजा. तुम्ही नोकरीवरून सुटून रोज जाऊ शकाल आणि आईला एकटीने पोहोचता येईल, असे साधे ठिकाण दोन तासांवरच्या नावाजलेल्या संस्थेपेक्षा मला अधिक मोलाचे वाटते.

त्यानंतरचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तो प्रत्येक ठिकाणी त्याच शब्दांत विचारा: रात्री दोन वाजता बाबांचे दुखणे वाढले तर फोन कोण उचलेल, आणि त्यानंतर पुढच्या एका तासात काय घडेल? माझ्या मोठ्या बहिणीच्या अखेरच्या महिन्यात आम्ही ज्या संस्थेवर विसंबलो होतो, तिच्या माहितीपत्रकात 'चोवीस तास सेवा' असे छापलेले होते. प्रत्यक्षात रात्री फोनवर ध्वनिमुद्रित संदेश लागत असे आणि परिचारिका सकाळी नऊनंतर येत असे. ती रात्र मी विसरलेले नाही, म्हणून तुम्हाला इतके खोदून विचारायला सांगते आहे. फोनवर अनुभवी परिचारिका असते की केवळ निरोप घेणारी व्यक्ती? गरज पडल्यास कोणी घरी येते का? मधूनच उसळणाऱ्या वेदनेसाठी मॉर्फिनचा जादा डोस घरात आधीच ठेवलेला असतो का, आणि तो कधी व किती द्यायचा हे आईला शिकवले जाते का? यांची नेमकी उत्तरे जिथे सहज मिळतात, तिथे रात्रींचा विचार आधी झालेला असतो. 'काळजी करू नका, आम्ही बघून घेऊ' हे उत्तर मी धरत नाही.

मॉर्फिनचे नाव ऐकून घरात कुणी दचकेल. वेदनेच्या प्रमाणात आणि वैद्यकीय देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनचे अशा रुग्णांना व्यसन लागणे विरळ असते. सुरुवातीचे काही दिवस गुंगी येते आणि ती बहुधा ओसरते. बद्धकोष्ठता मात्र जवळजवळ ठरलेलीच असते, म्हणून जाणते पथक पहिल्या दिवसापासून जोडीला रेचक देते. हे त्यांनी आपणहून सांगितले, तर त्यांच्या खात्यात एक गुण जमा करा.

तुमच्या बाबांच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी विचारणे भाग आहे. हाडांत पसरलेल्या कर्करोगाच्या वेदनेवर पुष्कळदा किरणोपचाराची एकच मात्रा मोठा आराम देते. हॉस्पिसमध्ये आल्यावर तशी सोय कुठल्या रुग्णालयात करता येईल का, की तो मार्ग बंद होईल? दुसरी गोष्ट कण्याची. पायांतली शक्ती अचानक कमी झाली, पाय बधिर झाले, लघवी अडली किंवा पाठीचे दुखणे एकाएकी वाढले, तर मज्जारज्जूवर दाब आल्याची ती खूण असू शकते आणि तेव्हा काही तासांत हालचाल करावी लागते. त्या वेळी कोणाला कळवायचे, हे आजच कागदावर लिहून आईच्या हाताशी ठेवा.

घरी की संस्थेत, हे एकदाच आणि कायमचे ठरवावे लागत नाही. घरी ठेवायचे तर आळीपाळीने झोपू शकतील अशी निदान दोन माणसे हवीत, आणि जिन्यातून स्ट्रेचर वळते का हेही पाहायला हवे. दुखणे आटोक्यात आणण्यासाठी, किंवा आईला चार दिवस विसावा मिळावा म्हणून, बाबांना थोडे दिवस दाखल करून पुन्हा घरी आणता येईल, अशी दोन्ही अंगे असलेली संस्था मिळाली तर मी तिलाच पहिली पसंती देईन. खर्चात नेमके काय धरलेले आहे आणि काय वेगळे आकारले जाईल, हे लेखी घ्या. बाबा अपेक्षेपेक्षा जास्त काळ राहिले तर खाट सोडावी लागते का, हा प्रश्न विचारताना जीभ अडखळेल, तरीही विचारा.

निवडीआधी संस्था डोळ्यांनी पाहा आणि शक्यतो संध्याकाळी जा, कारण सकाळच्या फेरीच्या वेळी सगळीच ठिकाणे टापटीप दिसतात. कुणी घंटा वाजवली तर किती वेळाने पावले ऐकू येतात, तिकडे लक्ष द्या. कूस बदलून देताना परिचारिका रुग्णाशी बोलते, की त्याच्या अंगावरून पलीकडच्या सहकाऱ्याशी बोलत राहते, हेही बघा. माझ्या मते या एका दृश्यातून जे कळते, ते भिंतीवरच्या कुठल्याही प्रमाणपत्रातून कळत नाही. रात्री किती रुग्णांमागे किती परिचारिका असतात, घरच्यांपैकी एकाला मुक्काम करता येतो का, आणि बाबा गेल्यानंतर आईची विचारपूस करणारे तिथे कुणी आहे का, हेही जाणून घ्या.

या साऱ्यात एका माणसाला अजून कोणी विचारलेलेच नाही. बाबांना काहीच ठाऊक नसेल, असे मला वाटत नाही. औषधे थांबली, माणसे दबक्या आवाजात बोलू लागली की रुग्णाला पुष्कळसे कळून चुकते. त्यांच्यावर सगळे एकदम ओतू नका. शेजारी बसा आणि विचारा, 'बाबा, डॉक्टरांच्या बोलण्यातून तुम्हाला काय समजले?' मग थांबा. त्यांना जितके जाणून घ्यायचे असेल, तितकेच सांगा. त्यांनी विषय बदलला तर तोही त्यांचा अधिकार माना आणि दोन दिवसांनी पुन्हा विचारा. ते बोलले, तर पुढचे दिवस कुठे काढायला आवडतील, हे त्यांच्याच तोंडून ऐका. घर असे उत्तर आले तर संस्थांची निम्मी तुलना आपोआप गळून पडेल.

आणि दाखल करण्याची वेळ आलीच, तर त्या संध्याकाळच्या भेटीत आणखी एक चौकशी करा: तिथल्या खिडकीतून रस्ता दिसतो का, आणि बाबांची खाट तिच्याजवळ सरकवता येईल का?

तुमची,
ताई