इंडक्शनचा 34 हजारांचा अंदाज

ऑगस्ट-सप्टेंबरात, कॅपच्या (राज्याच्या केंद्रीकृत प्रवेश प्रक्रियेच्या) फेऱ्या संपत आल्या की समुपदेशनाला येणारे पालक हमखास एक प्रश्न विचारतात: कॉलेजचा इंडक्शन, म्हणजे नव्या मुलांना कॉलेजची ओळख करून देणारा कार्यक्रम सक्तीचा आहे का, आई-वडील दोघांनी जायलाच हवं का, आणि त्याचे वेगळे पैसे भरायचे का? पुढचं प्रकरण याच प्रश्नाचं. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

घर बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर तालुक्यातलं. चार एकर कोरडवाहू, आई अंगणवाडीत मदतनीस. मुलाला कॅपमधून पुण्याच्या एका खासगी विनाअनुदानित कॉलेजात संगणक शाखा मिळाली होती. प्रवेशाच्या फीची सोय झाली होती, ती चिंता नव्हतीच. कॉलेजकडून व्हॉट्सॲपवर आलेल्या निरोपाने घर हादरलं होतं. इंडक्शन किट 3,800, ब्लेझर 2,600, दोन दिवसांचं शिबिर 3,500, पालक मेळावा माणशी 300. आई-वडील दोघे धरून 10,500 रुपये, खाली एकच क्यूआर कोड आणि दोन दिवसांची मुदत.

वडिलांनी खताच्या पावतीच्या पाठीमागे पूर्ण हिशेब मांडून आणला होता. कॉलेजचे 10,500. भाड्याची गाडी, कारण आई, बाप, मामा आणि मुलगा असे चौघे जाणार: किलोमीटरचा दर, ड्रायव्हरचा भत्ता, टोल मिळून 12,000. लॉजच्या दोन खोल्या एक रात्र 3,000. बाहेरचं जेवण 2,500. मुलाला कपडे, बूट, बॅग 6,000. बेरीज 34,000. ते गावच्या सोसायटीकडून कर्जाने उचलायचे ठरले होते.

मुलगा गप्प होता. त्याला वेगळं बसवून विचारलं तेव्हा म्हणाला, “मी इंडक्शनला जातच नाही. तास सुरू झाले की डायरेक्ट जातो. तेवढेच वाचतील.”

वाचवायची नेमकी हीच गोष्ट नव्हती. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षासाठी एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने तीन आठवड्यांचा इंडक्शन कार्यक्रम अभ्यासक्रमातच धरलेला आहे. इतर शाखांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने 2019 मध्ये ‘दीक्षारंभ’ आणला. साधारण वीस मुलांमागे एक मार्गदर्शक शिक्षक असावा अशी त्यात कल्पना आहे. सगळीकडे ती नीट पाळली जात नाही, तीन आठवड्यांचे पाच दिवस करणारी कॉलेजंही आहेत. पण त्या पाच दिवसांतच बॅच पडतात, कॉलेजच्या पोर्टलचा लॉगिन मिळतो, ग्रंथालयाचं कार्ड होतं आणि शिष्यवृत्तीचा क्लार्क कुठे बसतो ते कळतं. गावाकडून आलेला मुलगा दहा दिवस उशिरा पोचला तर वर्गात गट पडून गेलेले असतात, आणि लाजेपोटी तो कुणाला काही विचारतही नाही. पहिल्या सत्रात ‘मला जमत नाही, परत येतो’ म्हणणाऱ्यांत अशी मुलं बरीच असतात.

म्हणून इंडक्शनला जायचं हे पक्कं करून बाकीच्या आकड्यांकडे वळलो. प्रत्येक रकमेला एकच प्रश्न लावला: ही मागतंय कोण, आणि नाही दिली तर काय होईल?

आधी कॉलेजच्या रकमा. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, 2015 च्या कायद्यानुसार. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजचं नाव आणि वर्ष निवडलं की शिकवणी शुल्क आणि विकास शुल्काची मंजूर रक्कम दिसते. प्रवेशाच्या पावतीशी ती ताडून बघायची. वसतिगृह, मेस, विद्यापीठाचं परीक्षा शुल्क आणि परत मिळणारी अनामत हे वेगळे मामले, ते त्या आकड्यात शोधू नयेत. अभिमत आणि खासगी विद्यापीठांची शुल्करचना वेगळी असते, तिथे हा ताळा चालत नाही. या मुलाची पावती मंजूर रकमेशी तंतोतंत जुळली. म्हणजे 10,500 त्यावरचे होते, आणि ते कशापोटी हे विचारायचा घराला पूर्ण हक्क होता.

वडिलांना विचारायचा धीर होत नव्हता. चार वर्षं पोराला तिथंच काढायची, सुरुवातीलाच वाकडं नको. ही भीती खोटी नाही, म्हणून तक्रारीच्या सुरात काही लिहायचं नाही असं ठरलं. प्रवेश विभागाला मुलाच्या नावाने चार ओळींचा ईमेल गेला: “इंडक्शनसाठी कळवलेल्या 10,500 रुपयांपैकी कोणत्या बाबी सक्तीच्या आणि कोणत्या ऐच्छिक आहेत? प्रत्येक बाबीची कॉलेजची पावती मिळेल का? रक्कम नंतर किंवा हप्त्याने भरता येईल का? एकच पालक आले तर चालेल का?” क्यूआर स्कॅन केला तर नाव कॉलेजचं नव्हतं, किट पुरवणाऱ्या दुकानदाराचं होतं. पैसे दुकानदाराच्या खात्यात गेले की कॉलेजची पावती मिळत नाही, आणि प्रवेश बदलला तर परतही मागता येत नाहीत.

लेखी उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी कार्यालयातून फोन आला. किट ऐच्छिक. ब्लेझर पुढे प्लेसमेंटच्या वेळी लागतो, आता घेतला नाही तरी चालेल. शिबिराला न येणाऱ्यांसाठी कॉलेजातच दुसरे उपक्रम आहेत. मेळाव्याचे 300 जेवणाचे आहेत, एक पालक पुरे. फोनवर मिळालेलं उत्तर तसंच सोडायचं नसतं. “आपण फोनवर सांगितल्याप्रमाणे” अशी सुरुवात करून ते मुद्दे त्याच ईमेलखाली लिहून पाठवायचे, म्हणजे नोंद राहते.

शिबिराचे 3,500 मात्र भरावेत असं आमचं मत पडलं. वडिलांना नवल वाटलं. पण मुलाच्या मनात जायचं होतं आणि तो बोलत नव्हता. जिथे दोन दिवस सगळी मुलं एकत्र राहणार तिथून पैशापायी मागे राहिलेला मुलगा वर्गातही मागेच बसतो. पैसे कॉलेजच्या खात्यात भरले, पावती घेतली.

आता उरली घरची रक्कम, 23,500, कॉलेजच्या मागणीच्या दुपटीहून जास्त. ती कुणीच मागितली नव्हती. गाडी कशाला, असं विचारल्यावर वडील खाली बघून म्हणाले, “आपल्यापाशी पैसा नाही हे पोराच्या दोस्ताईले पह्यल्याच दिवशी दिसू नये.” खर्चाची खरी गाठ इथे होती. ती हिशेबाने सुटत नाही, म्हणून मुलालाच वडिलांसमोर विचारलं, तुला कोण यायला हवंय? तो म्हणाला, “आई. ती खोली नीट लावून देईल. बाबांना दिवाळीत बोलावतो, मला रस्ते कळले की.” वडिलांना ते थोडं लागलं. पण नवी जागा आधी पायाखाली यावी आणि मग बापाला फिरवून दाखवावी, ही त्या वयाची साधी इच्छा असते. त्यांनी मानलं.

एसटीच्या साध्या गाडीचं पुण्याचं तिकीट सहाशे-साडेसहाशेच्या घरात. मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, म्हणजे आईचं जाणं-येणं मिळून मुलाच्या एका तिकिटाएवढं. रात्रीची गाडी सकाळी पुण्याच्या वाकडेवाडी स्थानकात पोचते. इथे एक गोष्ट बहुतेकांची चुकते: वसतिगृहाचा ताबा मिळायची तारीख आणि इंडक्शनची तारीख जुळत नाही, आणि मधल्या रात्रीसाठी लॉज करावं लागतं. रेक्टरला फोन केल्यावर कळलं की खोल्या आदल्या सकाळपासून मिळणार होत्या. आई-मुलगा त्या सकाळी पोचले, सामान लावलं, दुसऱ्या दिवशीचा मेळावा उरकून आई रात्रीच्या गाडीने परतली. मधली रात्र ती हडपसरला चुलत बहिणीकडे राहिली. प्रवास 1,250, रिक्षा 400, जेवण 500, कपडे 2,000, शिबिर 3,500, मेळावा 300. एकूण 7,950.

ड्रॉइंगसाठीचा ड्राफ्टर, वर्कशॉपचा ॲप्रन, कॅल्क्युलेटर यांतलं काही निघण्याआधी घेतलं नाही. शिक्षक कोणता मागतात हे पहिल्या तासाला कळतं, ड्राफ्टर सीनियरकडून निम्म्यात मिळतो, पुस्तकांना अप्पा बळवंत चौक आहेच. अँटी-रॅगिंगचं हमीपत्र यूजीसीच्या संकेतस्थळावर फुकट भरता येतं. त्यासाठी स्टॅम्प पेपर आणायला धावू नये, कॉलेजने वेगळा मागितला तरच बघावं.

निघण्याआधी गावात काही कामं मात्र उरकली, कारण त्यांतलं एखादं राहिलं की पुन्हा एक फेरी पडते. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला. चार एकर असल्याने अल्पभूधारक दाखला, पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याच्या अर्जासाठी. मुलाच्या बँक खात्याला आधार जोडणं, नाहीतर महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवरून येणारे शिष्यवृत्तीचे पैसे अडकतात. शाळा सोडल्याचा दाखला कॉलेजला देण्याआधी त्याच्या तीन झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये स्कॅन.

मुलींच्या पालकांसाठी एक पुरवणी. 2024-25 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यावर शिकवणी आणि परीक्षा शुल्क माफ आहे. सगळंच माफ आहे असं समजून काही पालक मोकळ्या हाताने येतात आणि वसतिगृहाच्या खिडकीपाशी अडतात. मेस, अनामत, वसतिगृह त्यात येत नाही.

आणि पुढच्या फेरीत चांगल्या कॉलेजची आशा ठेवून प्रवेश घेतला असेल तर जागा पक्की होईपर्यंत किट, ब्लेझर, मेसचा आगाऊ हप्ता यांतलं काहीही भरू नये. कॅपच्या नियमानुसार ठरलेल्या शेवटच्या (कट-ऑफ) तारखेआधी प्रवेश रद्द केला तर 1,000 रुपये कापून फी परत मिळते, त्यानंतर फक्त अनामत. दुकानदार आणि मेसवाला मात्र हा नियम मानायला बांधलेले नसतात.