फ्लॉरेन्समध्ये एकच दिवस, सोबत आई-बाबा, म्युझियमची तिकिटं नाहीत. पायी फिरून काय बघता येईल?

तिकिटं मिळाली नाहीत म्हणून तुम्ही हिरमुसला आहात, हे तुमच्या प्रश्नावरून कळतंय. सकाळी नऊला स्टेशनवर उतरणार, रात्रीच्या गाडीनं परत, आई-बाबा पासष्टीपुढचे आणि बाबांचे गुडघे दुखतात, असं तुम्ही लिहिलंय. मी कामानिमित्त दोन वर्षं बोलोन्याला होते. तिथून वेगवान गाडीनं फ्लॉरेन्स पाऊण तासाच्या आत येतं, त्यामुळे पाच-सहा वेळा तरी जाणं झालं. पहिल्या खेपेला अर्धा दिवस रांगेत गेला. पुढे माझे बाबा आले तेव्हा आम्ही एकही तिकीट काढलं नाही आणि तोच दिवस सगळ्यात चांगला गेला. म्हणून अगदी मनापासून सांगते, हे शहर रस्त्यावरून बघायचं आहे. ते विणकरांनी, सोनारांनी, पाथरवटांनी आणि लोकरीच्या व्यापाऱ्यांनी उभं केलंय आणि त्यांच्या हातच्या खुणा बाहेरच, उघड्यावर आहेत.

स्टेशनातून बाहेर आलात की समोरच सांता मारिया नोव्हेल्ला चर्चची पाठ दिसते. वळसा घालून पुढच्या चौकात जा. हिरव्या-पांढऱ्या संगमरवराचा दर्शनी भाग आल्बेर्ती या वास्तुविशारदाचा आहे, 1470 मध्ये पुरा झालेला. दहा मिनिटं पुरेत. तिथून रमतगमत दहा-बारा मिनिटांत कॅथेड्रलचा चौक येतो.

इथे मात्र घाई करू नका. आधी अष्टकोनी बाप्तिस्तेरोच्या, म्हणजे बाप्तिस्मा देण्याच्या इमारतीच्या, पूर्वेचा सोनेरी दरवाजा बघा. गिबेर्ती या शिल्पकारानं तो 1425 ते 1452 अशी सत्तावीस वर्षं खपून केला. चौकातली प्रत आहे, मूळ दरवाजा मागच्या संग्रहालयात जपून ठेवलाय; पण कोरीव काम वाचायला प्रतही पुरते. मग कॅथेड्रलच्या उजव्या हाताला या. तिथे भिंतीत एक बसलेला पुतळा आहे, मान वर करून घुमटाकडे बघणारा. तो हा घुमट बांधणारा ब्रुनेल्लेस्की. त्याच्या शेजारी उभे राहा आणि त्याच्यासारखंच वर बघा.

कॅथेड्रलचं काम 1296 मध्ये सुरू झालं, पण वरचं सुमारे 45 मीटर रुंदीचं भगदाड झाकायचं कसं, हे शंभरावर वर्षं कुणाला सुचत नव्हतं. एरवी कमान बांधताना खालून लाकडी साचा उभारतात, गवंडीकाम वाळलं की तो काढून घेतात. एवढ्या रुंदीला आणि उंचीला तसा साचा कुठून आणणार? ब्रुनेल्लेस्की मूळचा सोनार. त्यानं साच्याशिवायच घुमट बांधायला घेतला. एकात एक अशी दोन कवचं केली आणि विटा माशाच्या काट्यासारख्या आडव्या-उभ्या गुंफल्या, म्हणजे ओला थर आत घसरत नाही, आधीच्या थराला धरून राहतो. माल वर चढवायला बैलांच्या जोरावर चालणारं यंत्रही त्यानंच बनवलं. 1420 ला सुरुवात झाली आणि 1436 ला घुमट पुरा झाला. देखरेख होती लोकरीच्या व्यापाऱ्यांच्या संघाची. माझे बाबा बांधकाम खात्यात नोकरीला होते. हे सगळं सांगितल्यावर ते तिथून अर्धा तास हलले नाहीत. वर जायला 463 पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही, त्यामुळे तुमच्या बाबांनी त्या फंदात पडू नये. कॅथेड्रलच्या आत जायला तिकीट लागत नाही, फक्त खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. रांग लांब असली तर खुशाल सोडून द्या.

निघण्याआधी मागच्या बाजूला फरशीत बसवलेली संगमरवराची गोल पांढरी चकती शोधा. घुमटावरचा सोनेरी गोळा 1600 मध्ये वीज पडून खाली आला, ती ही जागा. लोक तिच्यावरून चालत जातात, कुणाचं लक्षही नसतं.

आता व्हिया देई काल्झायुओली या रस्त्यानं दक्षिणेला चला. नावाचा अर्थच पायमोजे करणाऱ्यांचा रस्ता. उजवीकडे ओर्सानमिकेले ही चौकोनी, धान्याच्या कोठारासारखी इमारत लागेल. ती खरंच धान्याचा बाजार होती, नंतर तिचं चर्च झालं. बाहेरच्या भिंतींत चौदा कोनाडे आहेत आणि शहरातल्या कारागीर-व्यापारी संघांनी त्यांत आपापल्या रक्षक संतांचे पुतळे बसवले. चिलखतं करणाऱ्यांनी दोनातेल्लोकडून सेंट जॉर्ज करून घेतला, कापडाच्या धनाढ्य व्यापाऱ्यांनी गिबेर्तीकडून ब्राँझचा सेंट जॉन. आज कोनाड्यांत प्रती आहेत. पण मी तुम्हाला नेईन ती पाथरवट आणि सुतारांच्या संघाच्या कोनाड्याकडे. नान्नी दी बांकोनं घडवलेले चार संत वर उभे आहेत. त्यांच्या पायाखाली एक लांबट पट्टी कोरलीय. तिच्यात एक जण भिंत रचतोय, एक खांबाला भोक पाडतोय, एक मोजमाप घेतोय, एक मूर्ती घडवतोय. वर देवाची माणसं आणि खाली रोजचं काम. सहाशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटांनी स्वतःला असं भिंतीवर नोंदवून ठेवलं. सगळ्या फ्लॉरेन्समध्ये माझी सगळ्यात आवडती जागा हीच आहे.

तिथून तीन मिनिटांवर पियाझ्झा देल्ला सिन्योरिया, म्हणजे राज्यकारभाराचा चौक. पालाझ्झो वेक्कियो या जुन्या राजवाड्याच्या दारातला मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा ही प्रत आहे. मूळ पुतळा 1504 पासून 1873 पर्यंत इथेच उन्हापावसात उभा होता, म्हणून प्रत तरी योग्य जागी आहे. शेजारच्या कमानींच्या मंडपात, लोज्जा देई लांझीत, चेल्लिनीचा पर्सियस आणि जाम्बोलोन्याचा एकात एक वळलेल्या तीन देहांचा पुतळा आहे. हे मात्र अस्सल आहेत आणि बघायला पैसे लागत नाहीत. मंडपात दगडी बाक आहेत, आई-बाबांना तिथे बसवा. तुम्ही नेपच्यूनच्या कारंज्यासमोरची गोल पाटी बघून या. ऐषआरामाविरुद्ध गर्जणाऱ्या, शहराला काही वर्षं आपल्या शब्दावर चालवणाऱ्या साव्होनारोला या साधूला 23 मे 1498 रोजी तिथेच फाशी देऊन जाळलं.

जेवण या चौकात नको, फार महाग पडतं. मागच्या व्हिया देई नेरी रस्त्यावर स्कियाच्याता, म्हणजे चपट्या खरपूस पावाची सँडविचं मिळतात. शाकाहारी असाल तर वांगी, चीज, टोमॅटो असं सांगून भरून घ्या. बसून खायचं असेल तर रिबोल्लिता मागवा. शिळा पाव, घेवडा आणि काळपट पालेभाजी एकत्र शिजवून केलेला हा दाट पदार्थ आईंना नक्की आवडेल. मांसाच्या रश्शात शिजवलाय का, एवढं विचारून घ्या. हातगाड्यांवरचं लाम्प्रेदोत्तो गाईच्या पोटाचं असतं, हे आधीच माहीत असलेलं बरं. इथल्या पावात मीठ नसतं, तशीच तिथली रीत आहे. बिलात माणशी दोन-तीन युरो ‘कोपेर्तो’, म्हणजे टेबलावर बसण्याचा आकार, लावतात, ते फसवणूक समजू नका.

याच व्हिया देई नेरीवर, सान रेमिज्योच्या गल्लीच्या कोपऱ्यावर मान वर करून बघा. भिंतीवर पुराच्या दोन खुणा आहेत. जुनी 4 नोव्हेंबर 1333 ची, पाण्याची पातळी दाखवणाऱ्या कोरीव हाताची. तिच्याही वर 4 नोव्हेंबर 1966 ची. तारीख तीच, मध्ये 633 वर्षं. 1966 च्या पुरानं सांता क्रोचे चर्चमधल्या चिमाबुए या जुन्या चित्रकाराच्या क्रूसावरचा रंग ओरबाडून नेला आणि ग्रंथालयातली लाखो पुस्तकं चिखलात गेली. ती बाहेर काढायला देशोदेशीची तरुण मुलं धावून आली, त्यांना इथे अजूनही ‘चिखलातले देवदूत’ म्हणतात. मी कोल्हापूरची. 2019 मध्ये पंचगंगेचं पाणी आत्याच्या घरात शिरलं होतं, तिच्या भिंतीवरची रेघ मी पाहिलीय. त्या कोपऱ्यावर मला पुढे जाववेना.

सांता क्रोचे पाच मिनिटांवर आहे. मायकेलअँजेलो, गॅलिलिओ, माकियाव्हेल्ली तिघेही आत विसावलेत. आत जायला तिकीट आहे. वेळ असेल तर जा, नसेल तर पायऱ्यांवर बसून नदीकडे वळा.

काठाकाठानं चालत पोन्ते वेक्कियोला या. 1333 च्या पुरात आधीचा पूल वाहून गेला आणि हा 1345 मध्ये उभा राहिला. पुलावर पूर्वी खाटीक बसत. वरून राजघराण्याचा खासगी मार्ग जात असल्यानं घाण वास नको म्हणून 1593 मध्ये त्यांना हटवून सोनार बसवले, ते आजही आहेत. तो झाकलेला मार्ग वाझारी या वास्तुविशारदानं 1565 मध्ये काही महिन्यांत बांधला. पलीकडच्या टोकाला तो एका बुरुजाला वळसा घालून जातो, कारण बुरुजाच्या मालकांनी, मान्नेल्ली घराण्यानं, तो पाडू द्यायला नकार दिला होता. ऑगस्ट 1944 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन फौजेनं शहरातले बाकीचे सगळे पूल उडवले, फक्त हा ठेवला. शेजारचा सांता त्रिनिता पूल नंतर नदीतून काढलेले दगड वापरून पुन्हा बांधला आणि 1958 मध्ये खुला केला. त्यावरच्या ‘वसंत’ पुतळ्याचं डोकं मात्र 1961 मध्ये नदीच्या तळाशी सापडलं. पोन्ते वेक्कियोचा फोटो त्या पुलावरून काढा.

साडेतीन-चार वाजेपर्यंत इतकं होईल. आई-बाबांना कॉफी पाजा, तासभर बसा. आणि मग एक शेवटचा मुक्काम, मराठी माणसानं चुकवू नये असा.

शहराच्या पश्चिमेला आर्नो नदीच्या काठानं कासिने नावाचं लांबच लांब उद्यान आहे. त्याच्या अगदी टोकाला, मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते तिथे, एक छत्री आहे. आपल्याकडे समाधीवर असते तशीच, कोरीव खांबांची. तिच्याखाली फेटा बांधलेल्या एका तरुणाचा रंगीत अर्धपुतळा आहे. ते कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. वय अवघं वीस. 1870 मध्ये ते इंग्लंडला गेले, व्हिक्टोरिया राणीला भेटले, रोजनिशी लिहीत राहिले. परतीच्या वाटेवर प्रकृती बिघडली आणि 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं. शहर तेव्हा इटलीची राजधानी होतं. प्रेत जाळण्याची तिथे रीत नव्हती, तरी नगरपालिकेनं खास परवानगी दिली आणि संगमावर हिंदू रीतीनं दहन झालं. 1874 मध्ये स्मारक उभं राहिलं. पुतळा फुलर या इंग्रज शिल्पकाराचा, आराखडा मेजर मँटचा, ज्यानं पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा बांधला. शेजारून जाणाऱ्या मोठ्या पुलाला फ्लॉरेन्सचे लोक ‘इंदियानो’चा, म्हणजे भारतीयाचा, पूल म्हणतात. घरापासून इतक्या दूर गेलेल्या पोराची त्यांनी अशी आठवण ठेवली.

माझ्या बाबांनी तिथे चपला काढल्या, कुंपणाला हात लावून उभे राहिले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

जायला स्टेशनजवळून पहिल्या मार्गाची ट्राम कासिने थांब्यापर्यंत येते, पण तिथून पुढे झाडांखालून चांगलं अर्धा-पाऊण तास चालावं लागतं. बाबांचे गुडघे लक्षात घेता तुम्ही सरळ टॅक्सी करा, ‘पियाझ्झाले देल्लिंदियानो’ एवढं सांगा आणि टॅक्सी थांबवून ठेवा, कारण तिथे परतीची गाडी हात दाखवून मिळत नाही. अंधार पडायच्या आत निघा, संध्याकाळनंतर त्या टोकाला वर्दळ नसते.