शाळेचा पहिला दिवस धरून मागे मोजत ये

तुझा प्रश्न दोनदा वाचला. छात्राध्यापक म्हणून परदेशातल्या शाळेत सराव पाठ घ्यायला जायचं आहे, देशाचे दोन पर्याय अजून हातात आहेत, प्रवास वीस तासांच्या वर आहे. शाळा सोमवारी सुरू होते, तर शनिवारी रात्री पोचणारं स्वस्त तिकीट घेऊ का, बरोबर काय ठेवू आणि वर्गात बोलताना अडखळले तर काय, असं तू विचारलंस. मला ताई म्हणालीस म्हणून एकेरीतच सांगते: ते तिकीट घेऊ नकोस.

मी नेमकं तेच केलं होतं. शनिवारी रात्री उतरले, सोमवारी सकाळी शाळेत हजर. प्रवास पूर्वेकडचा, घड्याळात साडेसात तासांचा फरक. पहिले दोन तास बरे गेले. अकराच्या सुमारास मार्गदर्शक शिक्षिकेने माझी वर्गाशी ओळख करून दिली आणि पुढच्या बाकावरच्या एका मुलाने मला काहीतरी विचारलं. प्रश्न साधा असणार. शब्द कानावर पडत होते, पण अर्थ लागत नव्हता. मी पुन्हा विचारायला सांगितलं, त्याने विचारलं, तरी तेच. तिसऱ्यांदा तो म्हणाला, 'राहू दे.' त्याने पुन्हा माझ्याकडे प्रश्न घेऊन यायला दोन आठवडे गेले. ते 'राहू दे' मला अजून लागतं, कारण त्यात त्या मुलाची काहीच चूक नव्हती.

कारण पुढे समजलं. आपल्या शरीराचं तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सगळ्यात खाली असतं आणि झोपही तेव्हाच सगळ्यात गाढ ओढते. विमानातून उतरलं म्हणून हे आतलं घड्याळ लगेच बदलत नाही, ते दिवसाला साधारण एक तास सरकतं. म्हणजे तिथे अकरा वाजले तेव्हा माझ्या शरीरात पहाटेचे साडेतीन-चार वाजले होते. मी मुलांसमोर उभी होते, पण शरीराच्या हिशेबाने गाढ झोपेत होते.

म्हणून तिकीट काढताना तारीख पुढून नाही, मागून मोज. शाळेचा पहिला दिवस धर, जितक्या तासांचा फरक तितके दिवस मागे ये. तेवढे जमणार नसतील तर निदान पाच तरी हवेत. पूर्वेला जाणार असशील तर एखादा जास्तच धर, कारण बहुतेकांचं आतलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब असतं. त्याला मागे रेंगाळणं सोपं जातं, पुढे ओढणं जड जातं. तिकिटावर पोचण्याच्या वेळेशेजारी बारीक अक्षरात +1 किंवा +2 छापलेलं असतं, म्हणजे निघाल्यावर तितक्या दिवसांनंतरच्या तारखेला पोचणार, तेही नीट बघ. तेवढ्यानेच हिशेबातला एक दिवस गळतो.

घड्याळ सरकवायला सगळ्यात जास्त उपयोग उजेडाचा होतो, पण चुकीच्या वेळी घेतलेला उजेड उलट्या बाजूला ओढतो. घरच्या वेळेचे पहाटेचे चार तिथे किती वाजता होतात ते काढ. पूर्वेला गेलीस तर त्या वेळेनंतरचा उजेड घे, त्याआधीचा टाळ. साडेसात तासांच्या फरकात हे चार वाजणं सकाळी साडेअकराला येतं. म्हणजे पहिल्या दिवशी सकाळी लवकर उठून उन्हात फिरायला जाणं, जे सगळे सांगतात, तेच नडतं. दुपारी बारानंतर बाहेर पड आणि ती वेळ रोज तासभर अलीकडे आण. पश्चिमेला गेलीस तर उलट: त्या वेळेच्या आधीचा उजेड कामाचा, नंतरचा टाळायचा. निघण्याआधी तीन-चार दिवस झोपेची वेळ रोज अर्धा-एक तास सरकवलीस, पूर्वेला जाणार असशील तर लवकर आणि पश्चिमेला तर उशिरा, तर आणखी बरं.

आता तिकिटाबद्दल. सगळे टप्पे एकाच तिकिटावर असू देत. दोन वेगळी तिकिटं जोडून पैसे वाचतात खरे, पण पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं चुकलं तर दुसऱ्या कंपनीवर जबाबदारी येत नाही. शिवाय मधल्या विमानतळावर सामान स्वतः उचलून पुन्हा द्यावं लागतं, त्यासाठी इमिग्रेशनमधून बाहेर यावं लागतं आणि मग त्या मधल्या देशाचा व्हिसाही लागू शकतो. विमानात बसल्यावर दर तासा-दोन तासांनी उठून चाल, पोटऱ्या हलवत राहा. चार तासांपेक्षा लांब प्रवासात पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. केबिनमधली हवाही फार कोरडी असते, तेव्हा पाणी पीत राहा. घसा कोरडा पडला की शिक्षकाचं काम अडतं.

माझी मोठी बॅग मधल्या विमानतळावर राहिली आणि चार दिवसांनी आली. तिच्यात माझी सगळी पाठ टाचणं, तक्ते आणि शाळेत घालायचे कपडे होते. तुझ्या बाबतीत तसं होऊ देऊ नकोस. पहिल्या आठवड्याची टाचणं छापील स्वरूपात हातातल्या बॅगेत ठेव, फोनमध्येही ठेव आणि स्वतःला ईमेल करून ठेव. शाळेत घालायचा एक पूर्ण जोड, रोजची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि मूळ कागदपत्रं कधीही चेक-इन करू नकोस. पॉवर बँक तर चेक-इन सामानात चालतच नाही, ती हातातल्या बॅगेतच हवी. बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्याआधी काउंटरवर लेखी तक्रार कर, तिचा क्रमांक घे, बॅगेच्या टॅगची पावती जपून ठेव. 1999 च्या माँट्रियल कराराखाली येणाऱ्या प्रवासात बॅग मोडकी आली तर सात दिवसांत लेखी कळवावं लागतं. उशिरा आली तर हातात पडल्यापासून 21 दिवसांत. मधल्या काळात घ्यावे लागलेले कपडे, वह्या, सगळ्याची बिलं ठेव, भरपाई त्यांच्यावरच मिळते.

कागदपत्रांना तिकिटापेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून ती आधी हातात घे. पासपोर्टची मुदत पोचल्यानंतर निदान सहा महिने शिल्लक असावी, अनेक देश तसा आग्रह धरतात. पदवी आणि गुणपत्रिकांवर अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा धरला जावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का, लागणार का, हे विद्यापीठाला लेखी विचार. आणि मुलांसोबत काम करायचं म्हणजे पोलिस पडताळणी आलीच. इंग्लंडमध्ये तिला डीबीएस म्हणतात, ऑस्ट्रेलियात वर्किंग विथ चिल्ड्रन चेक, आणि तो प्रत्येक राज्याचा वेगळा असतो. आपल्याकडचं पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेटही बहुधा मागतील. हे पूर्ण झाल्याशिवाय शाळा वर्गात पाऊल ठेवू देत नाही. हा त्रास वाटून घेऊ नकोस. उद्या कोणी अनोळखी माणूस तुझ्या वर्गात आला तर तूही हेच तपासशील. त्याच कारणाने, शाळेच्या परवानगीशिवाय मुलांचा एकही फोटो काढू नकोस, घरी पाठवायला सुद्धा नाही.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, अडखळले तर काय. अडखळशील. आपण पुस्तकी इंग्रजी चांगलं बोलतो, पण दहा वर्षांची मुलं एकमेकांचं वाक्य तोडत, शब्द गिळत बोलतात, त्याला कान तयार व्हावा लागतो. पहिला आठवडा निरीक्षणाचा मागून घे. तेव्हा फक्त मागे बसून वही भरू नकोस. वर्ग शांत करायला शिक्षिका नेमकं काय करते ते बघ: हात वर करते, टाळ्यांचा ठेका धरते, की नुसती थांबते. मुलं त्या खुणेला सरावलेली असतात. तू वेगळी खूण आणलीस तर पहिला पाठ तिथेच विस्कटतो. प्रश्न कळला नाही तर 'पुन्हा सांग' म्हणण्याऐवजी त्या मुलाजवळ जा, त्याच्या उंचीला खाली बस आणि वहीत दाखवायला सांग. हे मला त्या पहिल्या दिवशी सुचलं असतं तर बरं झालं असतं.

मुलांच्या नावांची यादी मात्र आधी मागव, आणि मार्गदर्शक शिक्षिकेला ती नावं आवाजात रेकॉर्ड करून पाठवायची विनंती कर. विमानात तेवढंच ऐकत बसलीस तरी चालेल. आपलं नाव कोणी चुकीचं घेतलं की आपल्याला कसं होतं ते तुला तिथे रोज कळणार आहे. तुझंही नाव त्यांना तोडून, फळ्यावर लिहून शिकव, छोटं करून देऊ नकोस.

देश पक्का झाला की फरक किती तासांचा आणि शाळा कोणत्या तारखेला, एवढं कळव. उजेडाचं आणि झोपेचं दिवसवार वेळापत्रक मी बसवून देते.