वाचकांचे प्रश्न : जनरलसाहेब बिघडले कधी?

मागच्या अंकात कोपऱ्यातल्या चौकटीत मी सहज दोन ओळी टाकल्या होत्या, की क्युबाच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेला हेरार्दो माचादो नावाचा जनरल १९२५ ला राष्ट्राध्यक्ष झाला आणि १९३३ ला लोकांनी त्याला पळवून लावलं. जागा कमी होती म्हणून तेवढंच. आता त्या दोन ओळींवर इतके मेसेज आले की बाकीचे प्रश्न, म्हणजे संत्र्याच्या गळतीचे आणि वारस नोंदीचे, पुढच्या महिन्यावर ढकलावे लागले, त्यांनी रागावू नये.

प्रश्न : नमस्कार भाऊ. मी आर्णी तालुक्यातला, तलाठी भरतीची तयारी करून राहिलो. तुमची चौकट आबाजीला वाचून दाखवली तर ते म्हणे हे सारं खोटं आहे, जो माणूस देशासाठी गोळ्या झेलते तो आपल्याच लोकायवर गोळ्या काहून चालवंन? तीन दिवस झाले, घरात हाच वाद चालू आहे. हा माणूस नेमका बिघडला कधी?

उत्तर : आबाजींना आधी माझा नमस्कार सांग. गोळ्या झेलल्या हे एकदम खरं आहे. माचादो जन्मला १८७१ ला सांता क्लारा भागात, गुराढोरांचं घर, बाप स्पेनविरुद्धच्या आधीच्या लढाईत, जी दहा वर्षं चालली त्यात लढलेला. पोरगा थोडे दिवस तंबाखूच्या धंद्यात होता, थोडे दिवस खाटीककाम केलं, त्यात डाव्या हाताची बोटं गेली. १८९५ ला पुन्हा युद्ध पेटलं तेव्हा हा त्यात उतरला आणि १८९८ ला संपेपर्यंत ब्रिगेडियर जनरल झाला, तिथल्या तरुण जनरलांपैकी एक. इथपर्यंत आबाजींचा माणूस बरोबर आहे.

पण "बिघडला कधी" म्हणजे दूध कसं सकाळी चांगलं होतं आणि दुपारी नासलं असं काहीतरी आपण शोधतो ना, ती तारीख मला तरी सापडली नाही. युद्धानंतर बघ काय काय केलं त्यानं. सांता क्लाराचा महापौर, मग जनरल होसे मिगेल गोमेस राष्ट्राध्यक्ष असताना सैन्यात वरचं पद आणि पुढे गृहखातं, मग साखर कारखानदारी, मग अमेरिकन भांडवलाच्या वीज कंपनीत भागीदारी. म्हणजे १९२४ ला निवडणुकीला उभा राहिला तो जंगलात उपाशी लढणारा पोरगा नव्हताच, पन्नाशी ओलांडलेला पैसेवाला धंदेवाईक माणूस होता, फक्त नावापुढे "जनरल" होतं. ते "जनरल" आपल्याकडच्या "पाटील"सारखं, शेती विकली तरी राहते.

आणि समोरचा उमेदवार कोण, तर मेनोकाल, तोही त्याच युद्धातला जनरल आणि आधी आठ वर्षं राष्ट्राध्यक्ष राहिलेला! १९०२ पासून १९३३ पर्यंत क्युबात पाच निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष झाले, त्यातले तीन ह्याच युद्धाचे जनरल. ज्यांच्या नावावर ते युद्ध खरं ओळखलं जातं त्यातला होसे मार्ती पहिल्याच वर्षी पडला, मासेओ १८९६ ला पडला, आणि सरसेनापती माक्सिमो गोमेसला खुर्ची मिळत होती तर म्हातारा नको म्हणाला. मग जे उरले त्यांनी वाटून घेतलं, असं माझं मत, आबाजींना पटो न पटो.

आता आबाजींसाठी मुख्य गोष्ट. माचादोनं शपथ घेतली २० मे १९२५ ला. तीन महिने पुरते झाले आणि २० ऑगस्टला हवानातला एक संपादक घराच्या दारात गोळ्या घालून मारला गेला, सरकारवर आणि खुद्द साहेबांवर बोचरं लिहायचा. नाव अरमांदो आंद्रे. हा माणूस स्वातंत्र्ययुद्धातला कमांडर होता. म्हणजे एकाच लढाईत लढलेले दोघं, त्यातल्या एकाच्या राज्यात दुसरा मेला. घरातला वाद मिटला का ते कळव, आणि तलाठी झाला की आमच्या फेरफाराचं बघ जरा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, पुसद भागात राहतो. हुकूमशहा म्हणून शिव्या देणं सोपं आहे हो, पण मी ऐकलं की ह्या गृहस्थानं अख्ख्या देशाच्या लांबीचा रस्ता बांधला. आमच्या गावचा सहा किलोमीटरचा रस्ता तीनदा मंजूर झाला, दोनदा उद्घाटन झालं, अजून गिट्टीच आहे. कधीकधी वाटतं असाच माणूस पाहिजे.

उत्तर : गुरुजी, रस्ता झाला, शंकाच नाही. १९२७ ला सुरू आणि १९३१ ला पूर्ण, पश्चिमेच्या पिनार देल रिओपासून पूर्वेच्या सांतियागोपर्यंत, अकराशे किलोमीटरच्या वर, आणि आजही तो क्युबाचा मोठा रस्ता आहे. निवडणुकीत त्याची घोषणाच होती "पाणी, रस्ते आणि शाळा". हे वाचून मला हसू आलं, कारण आमच्या जिल्हा परिषदेच्या सर्कलमध्ये आजवर जेवढी पत्रकं वाटली गेली त्या सगळ्यांत हेच तीन शब्द आहेत, फक्त क्रम बदलतो.

पण रस्ता कशातून झाला ते पण बघा ना. सुरुवातीला खास कर लावले, आणि मग न्यूयॉर्कच्या चेस बँकेकडून कर्जावर कर्ज. ह्याच बँकेच्या हवाना शाखेत साहेबांचा जावई नोकरीला होता, आता जावई हुशारीवर लागला असं कोणाला म्हणायचं असेल तर म्हणा. कंत्राटातला मोठा वाटा बोस्टनच्या कंपनीला. दुसऱ्या बाजूला कापितोलिओ, म्हणजे संसदेची घुमटवाली इमारत, दिसायला वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलच्या वळणाची, २० मे १९२९ ला उद्घाटन, खर्च दीड-दोन कोटी डॉलरच्या घरात. तिच्या आत फरशीत एक हिरा बसवला, क्युबातली सगळी अंतरं तिथून मोजायची, शून्य किलोमीटर. (तो हिरा १९४६ ला चोरीला गेला आणि पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्षाच्या टेबलावर सापडला, ती वेगळीच गंमत.) आणि ह्याच काळात बेटावर गोल गोल पाचमजली बराकींचा एक मोठा तुरुंगही बांधला, पिनोस बेटावर. पुढे वीस वर्षांनी फिदेल कास्त्रोला तिथंच डांबलं होतं.

मंदी आली १९२९ नंतर आणि तिजोरी कोरडी पडली. बँकेचे हप्ते जात राहिले, पण सरकारी नोकरांचे आणि मास्तरांचे पगार महिनोन्महिने थकले. गुरुजी, तुम्ही तेहतीसएक वर्षं नोकरी केली असेल, पगार एक तारखेच्या जागी सात तारखेला झाला तर स्टाफरूममध्ये काय वातावरण असायचं ते तुम्हीच सांगा. रस्ता डोळ्याला दिसतो, थकलेला पगार फक्त ज्याचा त्याला दिसतो.

कापितोलिओच्या काशाच्या दारांवर क्युबाचा इतिहास कोरलाय, त्यात माचादोचा पण चेहरा होता. लोकांनी नंतर तो खरवडून काढला. दार शाबूत, इमारत शाबूत, फक्त तेवढा चेहरा नाही.

प्रश्न : भाऊ, माझ्याकडे सहा एकर पराटी आहे, राळेगाव साईडला. तुम्ही साखरेचं काहीतरी म्हटलं होतं. साखरेचा भाव पडला म्हणून सरकार पडते का कुठं? आमच्या इथं कापसाचा भाव दरवर्षी पडते, कोणी पडत नाही.

उत्तर : ताई, तुमचा प्रश्न वाचून पहिले तर मी चहा ठेवला, मग उत्तर लिहायला बसलो.

फरक हा की आपल्याकडे कापूस पडला तर तूर आहे, सोयाबीन आहे, कोणी पुण्याला कंपनीत आहे. क्युबात एकच पीक आणि एकच गिऱ्हाईक, ऊस आणि अमेरिका. १९२० च्या मे महिन्यात साखर पौंडाला साडेबावीस सेंटवर गेली होती, लोक वेडे झाले, बँका कर्ज वाटत सुटल्या, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात भाव चार सेंटच्या खाली. बँका बुडाल्या. ज्यांनी भाव वाढेल म्हणून माल घरात भरून ठेवला त्यांचं काय झालं असेल ते कापूसवाल्याला समजावून सांगायची गरज नाही.

माचादो आला तेव्हा भाव असाच घसरत होता. त्यानं १९२६ ला कायदा करून उत्पादन कमी करायला लावलं, कारखान्यांना कोटा, गाळपाची तारीख सरकार ठरवणार. हिशेब असा की माल कमी तर भाव जास्त. पण क्युबानं हात आखडला तर जावा आणि बाकीच्यांनी आपला ऊस वाढवला, म्हणजे आपण पेरा कमी करायचा आणि शेजारच्यानं धुरा कोरून वाढवायचा असं झालं. दोन-तीन वर्षांत बंधन सोडून दिलं, तर मालाचा लोंढा आला आणि पाठोपाठ मंदी. १९३० ला अमेरिकेनं आपल्या शेतकऱ्यांना वाचवायला क्युबाच्या साखरेवरची जकात पौंडाला दोन सेंट केली, आणि १९३२ ला साखरेचा भाव घसरत घसरत एका वेळी अर्ध्या सेंटच्या जरासा वर इतका खाली आला. म्हणजे मालाच्या किमतीच्या तिपटीहून जास्त जकात! १९२५ ला पन्नास लाख टनांच्या वर साखर काढणारा देश १९३३ ला वीस लाखांवर आला. ऊसतोडीचा हंगाम आधीच चार-पाच महिन्यांचा, तो अजून आखूड झाला, बाकी वर्षाला तिथं "मेलेला हंगाम" म्हणतात. उन्हाळ्यात वेचणी संपलेल्या गावात माणसं पारावर कशी बसलेली असतात, तसं, पण वर्षातले आठ-नऊ महिने.

तर सरकार भावामुळं पडलं का? एकट्या भावामुळं नाही. पण पोट रिकामं असलं की मग बंदूक पण पहिल्यासारखी भेव दाखवत नाही.

प्रश्न : विरोधी पक्ष काय करत होता मग? (अमरावती जिल्ह्यातून, बीए दुसरं वर्ष)

उत्तर : सोबत जेवत होता. थट्टा नाही, खरंच. लिबरल माचादोचे, पण कॉन्झर्व्हेटिव्ह आणि पॉप्युलर हे बाकीचे दोन्ही पक्ष पण त्याच्याच पाठीशी उभे राहिले, आणि ह्या धोरणाचं नाव ऐक, "कोऑपेरातिविस्मो". म्हणजे सहकार! आपल्याकडं पण सहकार म्हटलं की सगळ्या पक्षांची पॅनलं बिनविरोध होतात, त्यामुळं आपल्याला हे लवकर समजते.

निवडून येताना बोलला होता की एकच टर्म, पुन्हा उभा राहणार नाही. मग १९२८ ला घटना बदलली, चार वर्षांची मुदत सहा केली, आणि नोव्हेंबरात एकटाच उमेदवार, एकटाच विजयी, थेट १९३५ पर्यंत. (आपल्याकडं पण १९७६ ला ४२ व्या घटनादुरुस्तीनं लोकसभेची मुदत पाचाची सहा केली होती, नंतर १९७८ ला परत पाच झाली. परीक्षेला येऊ शकते, लिहून ठेव.) त्याआधी १९२६ ला हवाना विद्यापीठानं त्याला मानद डॉक्टरेट पण देऊन टाकली. विद्यापीठाचं हे कौतुक आणि त्याच विद्यापीठाची पोरं रस्त्यावर. विद्यार्थी नेता मेया १९२५ ला तुरुंगात उपोषणाला बसला, तेव्हा त्याच्या सुटकेसाठी माचादोला भेटायला गेलेला कवी विल्येना बाहेर येऊन साहेबांना "नखं असलेलं गाढव" म्हणाला, ते नाव मरेपर्यंत चिकटलं. मेयाला १९२९ च्या जानेवारीत मेक्सिको सिटीत रस्त्यावर गोळ्या घातल्या. ३० सप्टेंबर १९३० च्या मोर्चात राफाएल त्रेहो हा विद्यार्थी मेला, मग विद्यापीठालाच कुलूप.

पक्ष जेवणात बसले की विरोध तळघरात जातो. एबीसी नावाची गुप्त संघटना निघाली, त्यांनी १९३२ च्या सप्टेंबरात सिनेटच्या अध्यक्षाला मारलं, आणि प्लॅन असा की त्याच्या अंत्यविधीला अख्खं सरकार स्मशानात येणार, तर तिथं खालून भुयार खणून बॉम्ब लावून ठेवायचा. पण घरच्यांनी देह सांता क्लाराला नेला आणि बॉम्ब तसाच राहिला. बदल्यात त्याच दिवशी फ्रेय्रे आडनावाच्या तीन भावांना घरात घुसून मारलं. सरकारची एक गुंडांची टोळी होती, तिला लोक "ला पोर्रा" म्हणायचे, म्हणजे सोटा. विरोधक काही माळकरी नव्हते हे पण लिहिलं पाहिजे.

प्रश्न : शेवटी पळाला कसा? आबाजी विचारून राहिले. (पुन्हा आर्णीवाला)

उत्तर : बसवाल्यांनी पळवला! १९३३ च्या जुलैअखेर हवानाच्या बस ड्रायव्हर लोकांनी संप केला, मग ट्राम, बंदर, दुकानं, पेपर, सगळंच बंद. ७ ऑगस्टला रेडिओवरून खोटी बातमी पसरली की साहेब गेले, लोक नाचत कापितोलिओपाशी आले आणि पोलिसांनी गोळ्या चालवल्या, वीसेक माणसं मेली. कम्युनिस्ट पुढाऱ्यांनी सरकारशी बोलून संप मागं घ्यायला सांगितलं तर कामगारांनी आपल्याच पुढाऱ्यांचं ऐकलं नाही. अमेरिकेचा राजदूत वेल्स मे महिन्यापासून तिथं मध्यस्थी करून राहिला होता, त्यानं पण हात काढला, मग सैन्यानं काढला. आबाजी, सैन्यानंच काढला. १२ ऑगस्टला जनरलसाहेब विमानात बसून बहामाच्या नासाऊला गेले, आणि १९३९ ला मायामी बीचला वारले. कबर अजून मायामीतच आहे.

पुढच्या अंकासाठी प्रश्न वीस तारखेच्या आत पाठवा, व्हॉईस मेसेज पाठवू नका, ट्रॅक्टरच्या आवाजात काही ऐकू येत नाही.