लेकीशी अबोला आणि बुधाची कक्षा

ताई,

तुमची मुलगी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, गुण ७१ टक्के. वैज्ञानिक सिद्धान्त कशाच्या आधारावर उभे राहतात, का टिकतात, का कोसळतात, हे, म्हणजे विज्ञानाचं तत्त्वज्ञान, तिला शिकायचंय. बाबा म्हणतात बँकेच्या परीक्षा दे. तुमची विनंती आहे की 'तिच्या डोक्यातलं हे खूळ काढा.'

गुणांची काळजी वाटली नाही. वाटली ती ओझरत्या आलेल्या एका वाक्याची: गणपतीपासून बाबा तिच्याशी बोलत नाहीत, दोघांचे निरोप तुम्ही पोचवता. ताई, हे आजच थांबवा. अबोल्याने मुलगी मत बदलत नाही, घरात सांगणं तेवढं बंद करते. मग अर्जाची मुदत, फी, वसतिगृह, सगळं ती एकटीच ठरवते आणि चुका तिथे होतात. पगार कधी सुरू होणार, ही बाबांची धास्ती रास्त आहे. पण तो प्रश्न त्यांनी स्वतः तिला विचारावा आणि तिने वर्षं नि रुपये मांडून उत्तर द्यावं. 'खूळ' हा शब्द तिच्या कानावर गेला असेल, तर तो परत घ्या.

'तत्त्वज्ञान म्हणजे प्रवचनच, त्यात बरोबर-चूक कुठे असतं?' असं तुम्ही विचारता. असतं, आणि काटेकोर असतं. युरेनस गणिताप्रमाणे फिरेना, तेव्हा न्यूटनचा नियम कुणी मोडीत काढला नाही. पलीकडे आणखी एक ग्रह असणार असं धरून फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिए यांनी त्याची जागा काढली आणि १८४६ साली नेपच्यून सापडला. बुधाची कक्षाही हिशेबात बसत नव्हती; इतर ग्रहांची ओढ धरूनही शतकाला सुमारे ४३ विकलांचा फरक उरतो (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). ल व्हेरिए यांनी तोच उपाय केला, सूर्याजवळ 'व्हल्कन' ग्रह मानला. तो सापडला नाही, कारण तो नव्हताच. १९१५ साली आइन्स्टाइन यांनी गुरुत्वाकर्षणाची कल्पनाच नव्याने मांडली, तेव्हा हिशेब जुळला. उपाय एकच, एकदा लागू पडला, एकदा फसला. विज्ञानाचे तत्त्वज्ञ इम्रे लाकातोश यांनी अशा वेळी सिद्धान्ताचा गाभा (इथे न्यूटनचा नियम) आणि त्याभोवतीचं संरक्षक कडं (इथे आणखी एक ग्रह असल्याचं गृहीतक) वेगळं करून पाहायला सांगितलं: कड्यातल्या दुरुस्तीतून नवं भाकीत निघतं का, आणि ते खरं ठरतं का? तुमच्या मुलीला हे शिकायचंय.

तरीही तिने आत्ता भौतिकशास्त्र सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जो सिद्धान्त तपासायचा त्याचं गणित हाताखालून गेलेलं हवं. जॅम (आयआयटी वगैरे संस्थांतल्या एम.एस्सी.ची प्रवेशपरीक्षा) देऊन किंवा विद्यापीठाच्या प्रवेशातून एम.एस्सी. करावी. पुढे मुंबईत मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र विज्ञान शिक्षणात पीएच.डी. देतं, मुलांच्या डोक्यातल्या संकल्पना कशा घट्ट बसतात आणि कशा बदलतात, हा तिथल्या संशोधनाचा एक विषयच आहे. एक गल्लत मात्र महागात पडते: एम.एस्सी.नंतर भौतिकशास्त्रासाठी सीएसआयआर नेट (शिकवण्या-संशोधनासाठीची पात्रता परीक्षा) असते, पण कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचं तर त्या विषयात एम.ए. आणि सहसा यूजीसी नेट, सेट किंवा पीएच.डी. लागते. त्या जागा थोड्या आहेत, हेही तिला सांगा.

तिची ओढ किती खरी, हे दोन रविवारांत कळेल. बोरचं अणूचं प्रारूप (इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती ठरावीक कक्षांतच फिरतात, असं सांगणारं) तिने १२ ते १५ वाक्यांत लिहावं, एका कार्डावर एकच वाक्य. मग एकेक कार्ड काढून पाहावं, त्याबरोबर आणखी कोणती वाक्यं पडतात. वर्तुळाकार कक्षेऐवजी लंबवर्तुळ घातलं तरी प्रारूप उभं राहतं. सॉमरफेल्ड यांनी तेच केलं. ठरावीक ऊर्जापातळ्या काढल्या, की हायड्रोजनच्या वर्णरेषांचं (त्याच्या प्रकाशातल्या ठरावीक रंगांच्या रेषांचं) स्पष्टीकरणच जातं. सुरुवातीला व्याख्या आणि पुरावा एकाच कार्डावर येतात, मग काय पडलं ते कळत नाही. अशी कार्डं फोडून दोन करावीत. कंटाळली, तर तिला या विषयाबद्दल वाचायला आवडतं, काम करायला नाही, असं समजा.

झालं की कार्डं तिने बाबांसमोर मांडावीत. त्यांना जे वाक्य कळणार नाही, ते तिने पुन्हा लिहावं.