वाचक विचारतात : पुस्तकासह शिवारफेरी

प्रश्न : आमच्या वाचक मंडळाची बैठक दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एका सभासदाच्या घरी भरते. पंधरा-सोळा जण येतात; परंतु बोलतात ते तिघे-चौघेच, आणि बाकीचे चहा येईपर्यंत ऐकून घेतात. या हिवाळ्यात बैठक शहराबाहेर, चालत चालत घ्यावी असे काही तरुण सभासदांनी सुचवले आहे. त्यात धड चालणेही होणार नाही आणि धड चर्चाही, असे ज्येष्ठांचे म्हणणे आहे. दोहोंचा मेळ कसा घालावा, आणि सोलापूरच्या आसपास त्यासाठी जागा कोणत्या?
— एक निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर

उत्तर : ज्येष्ठांची शंका रास्त आहे, कारण घरातली बैठक जशीच्या तशी उचलून रानात नेली तर त्यांचे म्हणणे पहिल्याच फेरीत खरे ठरेल. पाणंदीच्या वाटेवर फार तर दोघे शेजारी शेजारी चालू शकतात. सोळा जणांची रांग लांबत जाते, पुढच्याचे बोलणे मागच्याला ऐकू येत नाही, आणि मग कोणीतरी उत्साही सभासद उलट्या पावलांनी चालत सर्वांना उद्देशून मोठ्याने बोलू लागतो. वाट अरुंद आहे हे मान्य करून बैठकीची रचनाच दोघादोघांची करावी, असे माझे मत आहे. आपल्या मंडळातले जे सभासद गप्प राहतात, त्यांच्याकडे सांगण्यासारखे काही नसते असे नाही. पंधरा जणांच्या नजरा एकदम आपल्याकडे वळतील, याचा त्यांना संकोच असतो. चालताना दोघांचीही नजर वाटेवर असते, मध्येच बोलणे थांबले तरी ते खटकत नाही, आणि ऐकणारा एकच असल्यामुळे अर्धवट सुचलेला विचारही बोलून पाहता येतो.

निघण्यापूर्वी पुस्तकासंबंधी एकच प्रश्न सर्वांना द्यावा, आणि तो असा असावा की ज्याचे ठरीव उत्तर नाही. उदाहरणार्थ, कथेतील थोरल्या भावाने घर सोडले ते योग्य केले का. ‘लेखकाची भाषाशैली कशी वाटली’ असा प्रश्न दिला, तर शंभर पावलांत विषय संपून भाजीच्या भावावर बोलणे येते. जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात, पती-पत्नी आणि नेहमीचे मित्र एका जोडीत येऊ देऊ नयेत, आणि अर्ध्या वाटेवर जोड्या बदलाव्यात. विसाव्याच्या जागी सर्व जण बसले, की प्रत्येकाने स्वतःचे मत न मांडता जोडीदाराने काय म्हटले ते सांगावे. हा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नेहमी बोलणाऱ्या तिघा-चौघांना त्यामुळे ऐकणे भाग पडते, आणि जो कधीच बोलत नाही त्याचे म्हणणे, निदान दुसऱ्याच्या तोंडून का होईना, मंडळापुढे येते. परतीच्या वाटेवर मात्र पुस्तकाची सक्ती नसावी.

पुस्तकाच्या निवडीविषयी एक सावधगिरी सुचवतो. रानात जायचे म्हटल्यावर निसर्गविषयक पुस्तकच घ्यावे असा आग्रह होतो. त्यातून मारुती चितमपल्ली यांचा जन्म सोलापूरचा आणि त्यांची नोकरी वनखात्यातली, त्यामुळे आपल्याकडे तो अधिकच होईल. एखाद्या फेरीला ते अवश्य करावे. दर वेळी नको. माळावर उभे राहून माळाचे वर्णन वाचले, की सभासदांचे लक्ष पुस्तकातले झाड आणि समोरचे झाड ताडून पाहण्यात जाते, आणि चर्चा पक्ष्यांची नावे सांगण्यापुरती उरते. घरातील भांडणाची कथा, एखादे आत्मचरित्र, गिरणगावातल्या किंवा हातमागावरच्या माणसांचे चित्रण, असे साहित्य चालताना अधिक बोलके करते, असे मला वाटते. दीर्घ कादंबरी पावसाळ्यातील घरगुती बैठकांसाठी राखून ठेवावी. फेरीसाठी कथा किंवा ललित लेख बरा. मंडळाकडे बहुधा एकच प्रत असते, आणि छोटा लेख असला तर ती एक प्रतही महिन्याभरात सर्वांच्या हातून फिरू शकते. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथालयाचे कोणी सभासद असतील, तर जुन्या कथासंग्रहांसाठी त्यांना तेथे शोध घ्यायला सांगावे.

आता ऋतू आणि जागा. हा उपक्रम बारमाही करण्याच्या फंदात पडू नये. मार्चपासून सोलापूरचे ऊन चढू लागते आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. पावसाळ्यात काळ्या रानात पाय रुततो आणि पादत्राणांना मातीचे गोळे लागून दोन पावले टाकणे जड होते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने मात्र उत्तम. सूर्योदयाच्या सुमारास निघावे आणि दहाच्या आत परतावे. बोलत चालणारी मंडळी तासाला तीन किलोमीटरहून फारशी पुढे जात नाहीत, म्हणून जाऊन-येऊन चार-पाच किलोमीटरांची वाट पुरेशी आहे. डांबरी रस्ता शक्य तो टाळावा. हिवाळ्यात आपल्या जिल्ह्यात उसाचा गळीत हंगाम ऐन भरात असतो, आणि पहाटेच्या धुक्यात दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला पुस्तकावर बोलत चाललेली माणसे वेळेवर दिसतीलच असे नाही.

पहिली फेरी शहरातच, कंबर तलावाच्या परिसरात करून पाहावी. जोड्यांची पद्धत बसते की नाही हे तेथे कळेल. त्यानंतर तुळजापूर रस्त्यावरील एकरुख म्हणजेच हिप्परगा तलाव सोयीचा आहे. एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या या तलावाचा मातीचा बांध लांबलचक आहे आणि हिवाळ्यात तेथे स्थलांतरित पक्षी उतरतात. वाहनांची सोय असेल तर वर्षातून एक फेरी हत्तरसंग कुडल येथे अवश्य न्यावी. दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा आणि सीना यांच्या संगमावर संगमेश्वराचे प्राचीन मंदिर आहे आणि त्यात शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा शिलालेख आहे. हे जो वाचेल तो विजयी होईल, अशा अर्थाची मराठी ओळ त्याच्या शेवटी कोरलेली आहे. वाचक मंडळाने आवर्जून जावे असे दुसरे ठिकाण मला जिल्ह्यात तरी ठाऊक नाही. संगमाच्या काठाने थोडे चालून यावे, शिलालेख पाहावा आणि त्या दिवशी पुस्तक थोडे कमी वाचले तरी चालेल.

प्रश्न : आमच्या गटात तेलुगू आणि कन्नड मातृभाषेचे बरेच सभासद आहेत. ते मराठी सफाईने बोलतात, परंतु मराठी पुस्तक वाचून येणे त्यांना जड जाते. फेरीला त्यांनी यावे की नाही?
— एक वाचक, अशोक चौक

उत्तर : अवश्य यावे, किंबहुना फेरीची पद्धत त्यांना घरगुती बैठकीपेक्षा अधिक मानवेल. ‘पुस्तक वाचूनच यावे’ ही अट काढून टाकावी आणि विसाव्याच्या जागी निवडक भाग मोठ्याने वाचावा. सुमारे दीड हजार शब्दांचा मजकूर सावकाश वाचायला बारा ते पंधरा मिनिटे लागतात, आणि उघड्यावर त्याहून अधिक वेळ लक्ष टिकत नाही. वाचणाऱ्याने वाऱ्याकडे पाठ करून बसावे आणि ऐकणाऱ्यांनी त्याच्या समोर, म्हणजे आवाज वाऱ्याबरोबर त्यांच्याकडे येतो. ही साधी गोष्ट पाळली नाही, तर माळावर पहिल्या रांगेलाही ऐकू येत नाही. अशा वेळी प्रश्न आधी न देता वाचनानंतर द्यावा आणि जोड्यांची चर्चा परतीच्या वाटेवर ठेवावी. एखाद्या फेरीला कन्नड किंवा तेलुगू कथा मुळातून वाचून तिचा सारांश मराठीत सांगण्याचे काम या सभासदांकडेच द्यावे. चार भाषा कानावर पडत असलेल्या शहरातल्या मंडळाने केवळ मराठीच वाचावे, असे बंधन मला पटत नाही.

प्रश्न : नान्नजच्या माळढोक अभयारण्यात अशी बैठक घेता येईल का? आणि शेतातून जाताना परवानगी घ्यावी लागते का?
— एक वाचक, बाळे

उत्तर : बार्शी रस्त्यावरील हे अभयारण्य १९७९ साली घोषित झाले. माळढोक आता तेथे जवळजवळ दिसतच नाही. काळवीट मात्र दिसतात आणि लांडग्यांचाही तेथे वावर आहे. प्रवेशासाठी वनविभागाची परवानगी लागते, आणि ती मिळाली तरी मोठ्याने वाचन व गटचर्चा तेथे करू नये असे मी स्पष्टपणे सांगेन. गवताळ माळावरचे अनेक पक्षी जमिनीवरच अंडी घालतात, त्यामुळे वाट सोडून बसण्याची जागा शोधणेही घातक ठरते. शांतपणे पाहून यावे आणि पुस्तकाची बैठक नान्नज गावाच्या अलीकडे, एखाद्या परिचिताच्या शेतात लिंबाखाली घ्यावी.

शेताच्या बांधावरून जायचे असेल, तर मालकाला आदल्या दिवशी विचारून ठेवावे. जानेवारीत ज्वारी डोक्याइतकी वाढलेली असते आणि राखणीला बसलेल्या माणसाला आत कोण शिरले आहे ते कळत नाही. हुरड्याचे दिवस असल्याने शेतकरीच आग्रह करण्याचा संभव आहे. तसे झाले तर कणसे फुकट घेऊ नयेत आणि त्या फेरीत चर्चेचा प्रश्न लवकर उरकून घ्यावा. पायांत बूट असावेत, कारण बाभळीचा काटा चपलेतून आरपार जातो.

प्रश्न : आमच्या दोन सभासदांना गुडघेदुखी आहे. त्यांना वगळणे बरे वाटत नाही.
— एक वाचक, विजापूर रस्ता

उत्तर : वाहन पोहोचू शकेल अशीच विसाव्याची जागा निवडावी आणि त्यांना थेट तेथे न्यावे. मोठ्याने वाचण्याचे काम त्यांच्याकडे सोपवावे, म्हणजे इतर मंडळी पोहोचेपर्यंत त्यांना मजकूर एकदा नजरेखालून घालता येईल. परतीच्या वेळी कोणी थकले असेल, तर त्यालाही त्याच वाहनातून घेऊन यावे.