खुंट्या काढू नकोस

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. चराईच्या माळावर आणि कुंपणातल्या माळावर गवताच्या जाती जवळजवळ तेवढ्याच निघाल्या म्हणून तू हादरली आहेस. गाइड म्हणतात, फरकच नाही तर प्रबंधात लिहिणार काय, जागा बदल. आणि तू मोजणीच्या चौकटीच्या खुंट्या काढायला निघालीस! काढू नकोस. खरं तर एवढंच सांगायचं होतं, पण एवढ्यावर माझं भागत नाही हे तुला ठाऊक आहे.

जाती तेवढ्याच, पण कोणत्या? तुझी यादी समोर घेऊन बसलोय. कुंपणात पवन्या आहे, मारवेल आहे, चांगल्या चाऱ्याची गवतं. बाहेर त्यांच्या जागी कुसळी, आणि मेंढरं रोज बसतात तिथे तर गुरंही तोंड लावत नाहीत असलं बारीक काटेरी गवत. बेरीज सारखी आली म्हणून काय झालं? वाड्यात डोकी तेवढीच भरली म्हणून भाडेकरू तेच आहेत असं कुणी म्हणतं का? 2014 साली जगभरातल्या 100 दीर्घकालीन नोंदमाला एकत्र तपासल्या गेल्या. जातींची संख्या सरसकट घटलेली दिसली नाही, पण कोण राहतं ते मात्र झपाट्याने बदलत होतं. तेव्हा तू चुकलेली नाहीस. तू फक्त एकदाच मोजलं आहेस.

आणि एकदा मोजून माळाचं टिकाऊपण कळत नाही. चांगल्या पावसाच्या वर्षी सगळेच माळ सारखे दिसतात, एका पावसाळ्यापुरतं उगवणारं गवतही गुडघ्याला लागतं. दुष्काळात खरं काय ते उघडं पडतं. पवन्याचा ठोंब वरून वाळून जातो, पण मुळं धरून बसलेला असतो, मृगात पुन्हा फुटतो. एकसाली गवताची सगळी मदार बियांवर. अमेरिकेत मिनेसोटातल्या सीडर क्रीक या संशोधनाच्या जागी 1982 पासून माळाच्या त्याच त्या तुकड्यांत मोजणी चालू होती, म्हणून 1988 चा दुष्काळ त्यांच्या हाती लागला. जास्त जातींच्या तुकड्यांत गवताचं वजन कमी घटलं आणि ते लवकर सावरले. दुष्काळ काही त्यांनी बोलावला नव्हता. तो आला तेव्हा ते तिथे होते, एवढंच. म्हणून म्हणतो, त्याच जागी परत जा.

मी गेलो नाही. 1987 साली कॉलेजच्या एनएसएस शिबिरात साठ पोरं घेऊन एका माळावर उंदीरमारीची, म्हणजे ग्लिरिसिडियाच्या झाडाची, रोपं लावली. त्याच माळावर दोन वर्षं आधी मीच चार खुंट्या ठोकून, सुतळी बांधून, एक मीटरची चौकट मोजली होती. वही अजून आहे. तेरा वर्षांनी गेलो तर माळ हिरवागार! खाली पालापाचोळा, गवताची काडी नाही. माळावरचे पक्षी, चंडोल नाही, धाविक नाही, झाडीतले बुलबुल मात्र भरपूर. लोक म्हणाले, सर, तुमचं जंगल बघा. मी हसून फोटोही काढून घेतला.

तू म्हणशील, कळत नव्हतं का? नव्हतं. 1972 ला आम्ही सुकडी खाऊन दिवस काढलेली पोरं. हिरवं दिसलं की आमचे डोळे निवायचे. सरकारी कागदावर माळ म्हणजे पडीक, आणि पडीकावर झाड लावणारा पुण्यवान. माळढोक पक्ष्यासाठी 1979 साली 8,496 चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं होतं, तरी माळाला माळ म्हणून ठेवायचं असतं हे आमच्या डोक्यात शिरलं नाही. आज महाराष्ट्रात माळढोक दिसला तर बातमी होते. असो. माझी बाजू मांडत बसलो, वयाचा दोष.

त्यानंतर मात्र हट्टाला पेटलो. दुसऱ्या माळावर नव्याने चौकट आखली आणि एकोणीस वर्षं तिथेच गेलो. त्यातून एक धड पेपर निघाला नाही, बढतीच्या मुलाखतीत विचारलं, ‘तेच तेच का करता?’ एके वर्षी लोखंडी खुंट्या भंगारात गेल्या. मी डोक्याला हात लावून बसलो, तर एक म्हातारा धनगर म्हणाला, ‘तुमचा खिळा व्हय? त्या बोरीपासनं सतरा पावलं.’ तो माझ्यापेक्षा जास्त वेळा त्याच जागी आला होता ना!

त्यानेच मला शिकवलं की माणूस हटवला की माळ वाचतो असं नाही. कळप दिवाळीनंतर कोकणाकडे उतरायचा, मृगाला वर यायचा. चराईचा दाब यायचा आणि उठायचा, मधल्या काळात पवन्या सावरायचा. वाटा अडल्या, कळप एकाच माळावर बसला, की आधी पवन्या जातो. उलट पक्कं कुंपण घातलं तर वाळल्या गवताचा थर साचतो, नवं फुटायला उजेड मिळत नाही. तुझं कुंपणही तपास, ते काही देवघर नाही. आणि ‘माणसाचा दाब’ असा एकच रकाना करू नकोस गं. कधी, किती दिवस, मग किती सुट्टी? हे रकाने कुठे आहेत तुझ्या तक्त्यात?

गाइडना सांग, जागा बदलत नाही. रागावले तर माझं नाव सांग, त्याचा फारसा उपयोग होणार नाही, पण सांग.

नवरात्राच्या आसपास ये, कुसळी पिकायच्या आत. पिकली की कुसळ मोज्यातून आत जातं, ओल लागली की त्याचा पीळ फिरतो आणि दाणा कातडीत शिरतो. मेंढरांच्या तोंडाचे हाल मी पाहिलेत. चामड्याचे बूट आण. खुंट्या या वेळी सागवानी करून घेतल्यात, भंगारवाला नेणार नाही.